हवेत कार्बन वाढला तर भाताला फायदाच ना? (शिराळा, पाटण आणि कराडकडच्या तिघांचं बोलणं)

शिराळा: कार्बन डायऑक्साइड म्हणजे पिकाचं अन्न. मग तो वाढूनही इंद्रायणी भाताच्या लोंब्यांत पळंज, म्हणजे पोचट दाणे, का राहतात?

पाटण: दादा, फुटवे आणि पाला वाढतो हे खरं, पण दाणा ठरतो फुलोऱ्यात. भात साधारण सकाळी 9 ते 12 मध्ये फुलतं. त्या वेळी लोंबीजवळ 35 अंशांच्या वर तासभर जरी गेलं, तरी परागकोश (फुलातल्या परागाच्या पिशव्या) नीट फुटत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. त्यात हवेत कार्बन जास्त असला की पानांची रंध्रं (बारीक छिद्रं) आकसतात, बाष्पोत्सर्जन म्हणजे पानांतून वाफ होऊन पाणी जाणं घटतं, पीक आणखी तापतं. निसवण्यापासून (लोंबी बाहेर पडण्यापासून) दाण्यात चीक भरेपर्यंत खाचरात 5 सेंमी पाणी ठेवाच.

कराड: रात्रीचा उकाडाही बघा. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवर, किमान तापमान 1 अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे 10 टक्के घटलेलं दिसलं (2004).

शिराळा: आणि तांदळाचा कस?

पाटण: तोही उतरतो, प्रथिनं, लोह, जस्त कमी होतात. माती तपासा. जस्त कमी निघालं तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या, पण सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, जस्त बांधलं जातं.

कराड: धूळवाफेला (पावसाआधी कोरड्या मातीत पेरताना) सगळ्या खाचरांत एकच वाण नको. थोडं हळवं (लवकर येणारं), थोडं निमगरवं (मध्यम मुदतीचं) ठेवलं तर सगळा फुलोरा एकाच उन्हात सापडत नाही.