मदत हवी आहे: गाडीचं मागचं दार अडकलंय, उद्या सकाळपर्यंत उघडायलाच हवं

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. पावसाळा सुरू झाल्यापासून मागच्या दाराचा लॅच (दार बंद धरून ठेवणारा खटका) त्रास देतोय. आधी जोरात आपटल्याशिवाय लागत नव्हतं, आज संध्याकाळपासून उघडतच नाही. हँडल ओढलं की आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, पण दार जागेवरून हलत नाही. स्प्रे मारून झाला. गॅरेजवाला म्हणतो अख्खं लॉक बदला आणि ते मागवायला आठवडा लागेल. माझ्याकडे आठवडा नाहीये. घरच्या घरी कसं उघडायचं तेवढं सांगा.

सह्यवारा
गाडी कुठली? साल? दार वर उचललं जातं की कपाटासारखं बाजूला उघडतं? सेंट्रल लॉकिंग आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

तेलपाणी
स्प्रे कुठे मारला? किल्लीच्या भोकात मारून उपयोग नाही, लॅच दाराच्या कडेला असतो. मी माझ्या सगळ्या गाड्यांना दर पावसाळ्याआधी स्प्रे मारतो, कधी काही अडकलं नाही. भरपूर मारा आणि रात्रभर राहू द्या.

डिझेलदादा
डिकीचे गॅसचे शॉकर बघा. माझे गेले होते, जोडी बदलली, आता एका बोटाने वर जाते. दोन्ही एकदम बदला, एकच बदललात तर दार वाकडं उचललं जातं.

सह्यवारा
दादा, शॉकर गेला तर उघडलेलं दार खाली येतं. बंद दार न उघडण्याशी त्याचा संबंध नाही.

खाडीकाठ
२००८ ची डिझेल, सात सीटर, मागे समोरासमोर बाकडी. दार बाजूला उघडतं, त्यावर स्टेपनी आहे, त्यामुळे शॉकरचा प्रश्नच नाही. सेंट्रल लॉकिंग मागाहून बसवून घेतलेलं आहे. कंपनीच्या नावावरून नवी चर्चा सुरू होईल म्हणून नाव टाळतोय. मला फक्त दार उघडायचंय.

बारा_व्होल्ट
मागाहून बसवलंय म्हणालात ना, मग तिथेच दुखणं आहे. त्या किटमधल्या मोटरची तार गाडीच्या मूळ रॉडला एका छोट्या क्लॅम्पने, स्क्रू आवळून जोडलेली असते. दार आपटून आपटून तो स्क्रू सैल होतो, तार सरकते आणि लॉक अर्धवटच सुटतं. दुसरी जागा म्हणजे बॉडीतून दारात जाणारी रबरी नळी. दार उघडझाप होताना आतली वायर तिथे दुमडून तुटते. रिमोट दाबल्यावर दारातून टक् आवाज येतो का? आतला नॉब पूर्ण वर येतो का?

वाटसरू
२००८ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटून गेली. आता तिच्यात पैसे घालू नका, स्क्रॅपला द्या. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीच आली होती.

उद्यमनगरकर
दिल्लीचं ते प्रकरण हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून सुरू झालं आणि ते दिल्ली-एनसीआरपुरतं आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. चांगली चालणारी गाडी दारासाठी कोणी भंगारात देत नाही.

वाटसरू
कर भरा, पासिंग करा, वर हे दुरुस्तीचे खर्च. एकदा हिशेब मांडून बघा.

खाडीकाठ
गाडी विकायची नाहीये, स्क्रॅपलाही द्यायची नाहीये. @बारा_व्होल्ट, टक् आवाज येतो, नॉब पूर्ण वर येतो, हातानेही सहज वरखाली होतो. घाई कशाची तेही सांगतो. आईची व्हीलचेअर मागे अडकली आहे आणि उद्या सकाळी तिला तपासणीला न्यायचंय. मी मधल्या सीटवरून मागे जाऊन बघितलं, खुर्ची पुढे ओढली तर सीटच्या पाठीत अडकते.

रानजाई
दादा, आधी खुर्ची बाहेर काढा, दाराचं नंतर बघता येईल. घडीची खुर्ची असेल तर पाय ठेवायच्या पट्ट्यांजवळ एकेक छोटा खटका असतो. तो दाबून पट्टी बाहेरच्या बाजूला फिरवा आणि वर उचला, निघून येते. मग बसायच्या कापडाला मधोमध धरून वर ओढा, खुर्ची पूर्ण मिटते. गाडीची मधली सीट पुढे दुमडा आणि खुर्ची आडवी न धरता उभी सरकवत आणा. आम्ही सासऱ्यांची खुर्ची छोट्या गाडीतून अशीच नेत होतो, त्या पट्ट्याच मध्ये यायच्या.

बारा_व्होल्ट
नॉब पूर्ण वर येत असेल तर मोटर ठीक आहे. तरी तो क्लॅम्प एकदा बघाच, ट्रिम (दाराचं आतलं आवरण) काढाल तेव्हा.

खाडीकाठ
रानजाई ताई, खुर्ची निघाली! पट्ट्या काढल्यावर सहज बाहेर आली. आई जागीच होती, तिला दाखवली. मनापासून आभार. आता दाराचं सांगा कोणीतरी.

उद्यमनगरकर
आता सावकाश वाचा. तुमचा लॅच बिघडला असेलच असं नाही. बाजूला उघडणाऱ्या दारावर स्टेपनी म्हणजे वीस-पंचवीस किलोचं ओझं बिजागऱ्यांना कायम लटकलेलं. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गेल्यावर बिजागरीची पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) झिजतात आणि दाराची लॅचकडची बाजू खाली उतरते. मग लॅच आणि बॉडीवरचा स्ट्रायकर (लॅचचा आकडा जिला धरतो ती कडी) एका रेषेत राहत नाहीत. म्हणून आधी आपटावं लागत होतं. आता सगळा भार स्ट्रायकरवर आलाय आणि लॅचचा आकडा त्याच्यावर आवळून बसलाय. हँडल ओढल्यावर आतली कळ सुटत असेलही, पण आकड्याला फिरायला वाव नाही.

तर आधी स्टेपनी उतरवा. तिचे नट बाहेरूनच सुटतात, दार उघडावं लागत नाही. मग एकाने दाराची लॅचकडची कड दोन्ही हातांनी वर उचलून आत दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढायचं. आत दाबणं महत्त्वाचं आहे, दाराभोवतीच्या रबरी पट्टीचा, म्हणजे बीडिंगचा, ताण त्याने कमी होतो. नुसतं हँडल जोरात ओढू नका, आतल्या रॉडची प्लॅस्टिकची क्लिप तुटली की खरंच अडकाल.

तेलपाणी
एवढा खटाटोप कशाला? स्प्रे आणि लॅचच्या बाजूला रबरी हातोडीचे दोन ठोके. शंभर टक्के उघडतं.

उद्यमनगरकर
ठोक्याने पत्रा चेपतो आणि रंग उडाला की खाडीच्या हवेत तिथेच गंज धरतो. स्प्रेने चिकट झालेलं जुनं ग्रीस सुटतं, तेवढ्यापुरता तो चांगला. पण स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. धुऊन झाल्यावर पांढरं लिथियम ग्रीस लावलं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच.

तेलपाणी
माझा अनुभव वेगळा आहे.

सह्यवारा
उद्यमनगरकरांशी सहमत. स्टेपनी काढूनही नाही उघडलं तर आतून ट्रिम काढायची. कडेने हळूहळू उचकटत जा. क्लिपा तुटतील, त्या नवीन आणून ठेवा. ट्रिमखालचं प्लॅस्टिक फाडू नका, ते पाणी अडवण्यासाठी असतं. मग हँडलकडून लॅचकडे जाणारा रॉड दिसेल, तो हाताने ओढता येतो.

खाडीकाठ
उघडलं! स्टेपनी उतरवली, शेजारच्या काकांनी कड वर उचलून आत दाबली, मी हँडल ओढलं आणि दार सुटलं. आईची तपासणीही वेळेत झाली. पण आता दार लावायची भीती वाटतेय. लॅच बदलू की नको?

सह्यवारा
लावू नका, आधी एक तपासणी करा. दार उघडं असतानाच लॅचचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने आत ढकला. दोनदा टक् आवाज यायला हवा, पहिल्याला आकडा अर्धा बसतो, दुसऱ्याला पूर्ण. मग हँडल ओढा, आकडा झटकन परत यायला हवा. परत येताना रेंगाळला तर लॅच घाण झालाय किंवा स्प्रिंग गेलीय. झटकन आला तर लॅच ठणठणीत आहे, एक रुपयाही घालू नका. आणि आकडा परत सोडवल्याशिवाय दार लावू नका, मिटलेला आकडा स्ट्रायकरवर आपटून वाकतो.

खाडीकाठ
दोन्ही वेळा टक् आवाज स्पष्ट आला आणि हँडल ओढताच आकडा लगेच सुटला. नंतर दाराची कड धरून वर-खाली हलवली तर वरच्या बिजागरीत चांगलाच खेळ आहे. पिनेभोवती तांबूस भुकटी दिसतेय. स्ट्रायकरच्या खालच्या अंगाला रंग घासून पत्रा चमकतोय.

डिझेलदादा
मग काय, स्ट्रायकर थोडा खाली घ्या. दोन बोल्ट सैल करायचे, सरकवायचा, आवळायचा. दहा मिनिटांचं काम.

उद्यमनगरकर
त्याने दार लागेल, पण तिरकंच लागेल. खालचं बीडिंग दबेल, वर फट राहील आणि पावसात पाणी आत येईल. बिजागरी झिजतच राहणार, म्हणजे काही महिन्यांनी स्ट्रायकर पुन्हा खाली. आधी बिजागरी. नवी मिळत नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे जुनी पिन घेऊन जा, तो मापाची पिन आणि पितळी बुश करून देतो. आमच्याकडे कोल्हापूरला उद्यमनगरात हे रोजचं काम आहे. बिजागरी सोडवताना दाराखाली लाकडी ठोकळे लावा, एकट्याने करू नका. ते झाल्यावरच स्ट्रायकरला हात लावा, आणि लावण्याआधी त्याच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवा म्हणजे मूळ जागा हरवणार नाही.

डिझेलदादा
माझ्या मेहुण्याने स्ट्रायकरच सरकवला होता, दोन वर्षं चांगलं चाललं.

सह्यवारा
त्यांच्या दारावर स्टेपनी होती का?

डिझेलदादा
नाही, त्यांची खाली असते.

खाडीकाठ
ठरलं. स्टेपनी तूर्तास आत बाकड्याखाली ठेवतो. सोमवारी वरची बिजागरी सोडवून चिपळूणला लेथवाल्याकडे नेतो. लॉकची ऑर्डर रद्द करायला गॅरेजवाल्याला फोन केलाय. पितळी बुशला ग्रीस कुठलं लावू, तेच लिथियमचं चालेल का?

उद्यमनगरकर
चालेल. आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा, तुमच्याकडे ती मातीने बुजलेलीच असणार. बसवून झालं की दारातला खेळ गेला का ते इथे लिहा.

रानजाई
आणि दादा, खुर्चीच्या पट्ट्या परत बसवताना खटका नीट लागलाय ना ते हाताने ओढून बघा.