मदत हवी आहे: फिश फाइंडर ऑनलाइन मागवावा की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या दुकानातून घ्यावा?

नमस्कार मंडळी. ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपायच्या आत होडीला नवा फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणारं यंत्र) आणि लाइफ जॅकेटं घ्यायची आहेत. ऑनलाइन सवलतीत किंमत दुकानापेक्षा बरीच कमी दिसते. पण ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग) ५० किलोहर्ट्झचा की २०० चा, हेच तिथे धड लिहिलेलं नाही. खोल पाण्यात नुसता २०० चा कमी पडतो. दुकानदार होडीवर येऊन वायरिंग करून देतो, बिघडलं तर त्याला गाठता येतं. जॅकेटं मात्र शिवण, पट्टे आणि मान्यतेचा शिक्का हाताने तपासूनच घेणार, खलाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कुणी ऑनलाइन मागवलेला फिश फाइंडर वापरलाय का? खाऱ्या पाण्यात कनेक्टर टिकले का? वॉरंटीचं काम रत्नागिरीत होतं की मशीन मुंबईला पाठवावं लागतं?