मदत हवी आहे: रेसिंग सिमच्या डीएलसीतून (मूळ गेमवर वेगळे विकायचे जादा पॅक) खरंच पैसे सुटतात का?

कंबर_तलाव
सोलापुरात तिघं मिळून पीसीसाठी रेसिंग सिम करतोय. मूळ गेममध्ये चार गाड्या, एक काल्पनिक सर्किट आणि अक्कलकोट रस्ता. गेम स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) स्वस्तात लावून पुढे गाड्या-ट्रॅकचे पॅक विकायचे असा बेत आहे. पॅक ३०० रुपयांना लावला तर हातात किती पडतं? खऱ्या गाड्या घेता येतील का? आणि ऑनलाइन शर्यतीत एकाकडे पॅक आहे, दुसऱ्याकडे नाही, तर काय करायचं?

शेंगाचटणी
आधी हिशेब. स्टीमवर भारतात दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो वजा करून राहतात २५४. त्यातले ३० टक्के स्टीमचे (१ कोटी डॉलरच्या पुढच्या कमाईवर २५ टक्के, पण ते दुखणं तुम्हाला एवढ्यात नाही). उरले १७८. सेलमध्ये निम्म्या किमतीला लावलात की ८९.

अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला ३० टक्के कर कापला जातो. नोंदणीवेळी टॅक्सच्या फॉर्मात पॅन देऊन भारत-अमेरिका करारातला दर मागा, तो १५ वर येतो. हे विक्रीआधीच उरका.

एकेकट्या गाडीचा पॅक काढू नका. पॅक घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत मागितला, आणि पॅक घेतल्यावर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परतावा मिळतो. एक गाडी तेवढ्यात चाखून होते.

गड्डा_जत्रा
खऱ्या गाड्यांचं नाव, लोगो आणि ओळखू येणारा आकार, तिन्हींना कंपनीची परवानगी घ्या. पोर्शचा परवाना २०१६ च्या अखेरपर्यंत एकट्या ईए या गेम कंपनीकडे होता, म्हणून बाकीचे बरेच स्टुडिओ रुफच्या (पोर्शवर बेतलेल्या गाड्या स्वतःच्या नावाने बनवणारी कंपनी) गाड्या घ्यायचे. परवान्याला मुदत असते, ती संपली की पॅक दुकानातून उतरवावा लागतो. आधी घेतलेल्यांना तो डाउनलोड करता येईल, हे कलम करारात लिहूनच घ्या. पहिला पॅक काल्पनिक गाड्यांचा बरा.
अक्कलकोट रस्त्यावरच्या दुकानांचे फलक आणि पंपांचे लोगो मात्र बदला.

शेंगाचटणी
तिसरा प्रश्न खरा. पॅकमधल्या गाड्यांचं मॉडेल, आवाज, फिजिक्स मूळ अपडेटमधूनच सगळ्यांकडे उतरवा आणि मालकी फक्त गाडी निवडताना तपासा. नाहीतर समोरची गाडी दिसत नाही, टक्कर मात्र बसते. तपासणी सर्व्हरवरही ठेवा. फक्त खेळाडूच्या मशीनवर असेल तर फाइल बदलून लोक आत शिरतात.

ट्रॅकचं तसं नाही. ज्याच्याकडे ट्रॅक नाही त्याला त्या शर्यतीतून वगळावंच लागतं, आणि वीस खेळाडूंची लॉबी (शर्यतीआधी जमायची ऑनलाइन खोली) पाचावर येते. आयरेसिंग हा ऑनलाइन रेसिंग सिम वर्गणी घेऊन वर गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकतो. ते त्यांना जमतं, कारण १२ आठवड्यांच्या हंगामात बहुतेक मालिकांचा ट्रॅक दर आठवड्याला बदलतो. हंगाम पुरा करणारा ट्रॅक घेतोच. तुमच्याकडे तेवढी गर्दी नाही. ट्रॅक फुकट द्या, गाड्या विका.

कंबर_तलाव
पॅकमधली गाडी थोडी वेगवान ठेवली तर खपेल ना?

गड्डा_जत्रा
खपेल, आणि बाकीचे लॉबी सोडतील. एकच ड्रायव्हर, तेवढंच इंधन, तेच तापमान धरून सर्किटवर दहा-दहा लॅप मारा. जी गाडी पुढे जाते तिला वजन चढवा किंवा इंजिनाची हवा आवळा, सरासरी ०.२ सेकंदाच्या आत येईपर्यंत. आणि तापमान २५ अंश ठेवा बे, सोलापूरचा मे टाकलात तर टायर तिसऱ्या लॅपला बसतील आणि सगळीच मापं चुकतील.