पहिल्यांदाच राज्याबाहेर, एल्कसाठी कोलोराडो: रायफल बदलू का?

पांढरीशेपटी:
मंडळी, मिनेसोटात सहा वर्षं व्हाइटटेल हरणं मारतोय. म्हणजे झाडावरच्या स्टँडवर थर्मास घेऊन बसायचं, हरीण खालून गेलं की बार काढायचा आणि शंभर पावलांवर उभ्या असलेल्या पिकअपमध्ये टाकून जेवायला घरी. यंदा, २०२५ च्या ऑक्टोबरअखेर, कोलोराडोत एल्कला, म्हणजे त्या थोराड हरणाच्या शिकारीला, जायचं ठरवलंय. रायफलचा दुसरा सीझन, मीकरच्या पूर्वेचा फ्लॅट टॉप्सचा भाग. गाइडचा भाव विचारला आणि गुपचूप फोन ठेवला. नुसता बुलचा (नर एल्कचा) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवानाच, आठशे डॉलरच्या वर जातोय, तो ऑगस्टमध्ये काउंटरवर घेईन. सोबत ऑफिसातला एक मित्र आहे, एच-१बीवर. तो लायसन्स काढणार नाही, मदतीला येतोय.

प्रश्न असा की माझी टू-सेव्हन्टी रायफल पुरेल, की तिच्याहून दणकट थ्री हंड्रेड विन मॅग घेऊ? १५०० डॉलर बाजूला ठेवलेत. बायको म्हणते, आधी पाठीवर तांदळाची गोणी घेऊन जिना चढून दाखव.

दुसरं म्हणजे, ऑनएक्स अ‍ॅपच्या नकाशावर रस्त्यापासून चार मैल आत, एका दरीच्या तळाशी झकास कुरण सापडलंय. जवळपास एक पायवाट नाही. तिथंच तळ ठोकावा म्हणतो. जाणकारांनी सांगावं.

नऊहजारफूट:
वहिनींचं ऐका. टू-सेव्हन्टी भरपूर झाली, फक्त हलकी हरणाची गोळी नको. १५० ग्रेन वजनाची, तुकडे न होता खोल शिरणारी घ्या. रायफल बदलून फार तर धक्का वाढेल.

आता त्या कुरणाचं. माझी पहिली खेप अशीच होती. दोघं होतो, ट्रकपासून अडीच मैल आणि खाली उतरून बाराशे फूट. संध्याकाळी साडेचारला बुल पडला. पाच मिनिटं मिठ्या मारल्या, फोटो काढले. मग जवळ जाऊन एक मागचा पाय उचलायला गेलो आणि तो हललाच नाही. सातशे पाउंडांचं धूड, निम्मं झुडपात अडकलेलं. आम्हाला पोट फाडून साफ करायची एवढीच रीत ठाऊक, हरणासारखी. पोट न उघडता पाठीकडून कातडं सोलून चारही पाय आणि पाठीचं मांस काढता येतं, हे नंतर शिकलो. अंधार पडला, हेडलॅम्पची बॅटरी संपली. वरच्या बाजूचे पाय काढून झाडाला टांगले आणि खालची बाजू 'थंडी आहे, सकाळी बघू' म्हणून तशीच ठेवली.

सकाळी खालच्या मागच्या पायात हाडालगत सुरी घातली आणि वास आला. बाहेर पाणी गोठलेलं, आत मांस आंबलेलं. एल्कचं कातडं म्हणजे रजई आहे, जमिनीला टेकलेल्या बाजूची ऊब निघून जायला वाटच नसते. जवळजवळ चाळीस पाउंड टाकावं लागलं. उरलेलं वर आणायला दीड दिवस आणि पाच खेपा. शेवटच्या खेपेला मित्र माझ्याशी बोलत नव्हता.

हाडं काढूनही बुलचं दोनशे पाउंडांच्या आसपास मांस निघतं. म्हणून आता माझा नियम: दीड मैलाच्या पुढे नाही, आणि होईल तेवढं ट्रकच्या *वर* मारायचं, खाली नाही. ओझं उताराला यावं. तुमचे १५०० असे घाला: फ्रेमची पाठपिशवी, मुरलेले बूट, काठ्या, मांस ठेवायच्या सुती पिशव्या (गेम बॅग्ज), पाती बदलता येणारा चाकू. हेडलॅम्प दोन.

कागदवाला:
तुमच्या मित्राबद्दल. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे. वैध शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. लायसन्स नाही म्हणताय, मग दमलात म्हणून "जरा धर रे" करत रायफल त्याच्या हातात देऊ नका. खिशात काडतूससुद्धा नको.

भगव्या जाकिटाचंही बघा. मिनेसोटात चालणारं कॅमो-ऑरेंज (भगव्यावर ठिपक्यापट्ट्यांची नक्षी) कोलोराडोत चालत नाही. सलग भगवा किंवा गुलाबी लागतो, कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, शिवाय टोपी. बुल मारताना शिंगं मोजा: त्या भागात बहुतेक ठिकाणी एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंची ब्राउ टाइन (शिंगाचं कपाळाजवळचं टोक) असावी लागते. आणि नराचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवायचा असतो. कोणता पुरावा, ते लक्षात आलं असेलच. सोलण्याच्या भरात कापून टाकू नका.

परतताना अख्खं धूड मिनेसोटात आणता येणार नाही, सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे. मेंदू आणि पाठीचा कणा तिकडेच सोडा. शिंगं हवीत तर कवटीचा तुकडा स्वच्छ करून.

मधलीआळी:
सोळा-सतरा तास गाडी हाणून दुसऱ्या दिवशी पहाटे दहा हजार फुटांवर पळू नका. मी पळालो होतो. सीझनची पहिली सकाळ तंबूत डोकं धरून ओकण्यात गेली. दोन दिवस आधी पोचा, पाणी पीत राहा, डोकं फारच ठणकलं तर हट्ट न करता खाली उतरा.

पांढरीशेपटी:
सगळ्यांना दंडवत. रायफल रद्द. काल वीस किलोची गोणी घेऊन चार मजले चढलो, तिसऱ्यावर शेजारच्या आजींनी पाणी दिलं. दरीतलं कुरण नकाशावरून पुसलं, त्याऐवजी रस्त्याच्या वरच्या अंगाला अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या राईजवळ उतारावर एक सपाट जागा दिसतेय, सव्वा मैल.

मित्राला कायदा वाचून दाखवला. तर म्हणतो, नुसता हमाल म्हणून येणार नाही, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून स्वतःचा टॅग काढतो. म्हणजे आता दोन टॅग. मग दहा खेपा धरायच्या?

नऊहजारफूट:
दहा. पहिला बुल पडला की दुसरी रायफल ट्रकमध्ये, आणि मांस बर्फाच्या पेटीत पोचेपर्यंत तिथंच.