कर्ली ब्रॅकेट त्याच ओळीवर की खालच्या?

नवखा_कोडर:
कॉलेजात सी शिकवताना सरांनी उघडणारा कर्ली ब्रॅकेट ({) कायम खालच्या ओळीवर, इफच्या बरोबर खाली लिहायला लावला. जोडी पटकन सापडते, मला ते आवडतं. आता नोकरीत जावास्क्रिप्ट आहे आणि रिव्ह्यूला (सहकारी कोड तपासतात तेव्हा) दर वेळी तीच कमेंट: ब्रॅकेट वर घ्या. कोड चालतोय, मग एवढा आग्रह का?

एम्बेडेडवाली:
सरांची पद्धत ऑलमनची. सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहिणारे एरिक ऑलमन, त्यांच्यावरून हे नाव. सीवरचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या कर्निहन-रिची यांच्या पद्धतीत इफचा ब्रॅकेट त्याच ओळीवर, फंक्शनचा मात्र खाली. लिनक्स कर्नलमध्ये आजही तसंच. सी कंपायलरला दोन्ही सारखेच.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र रिटर्न लिहून { खालच्या ओळीवर टाकून बघा. रिटर्नपाशीच सेमीकोलन आहे असं धरलं जातं आणि ऑब्जेक्टऐवजी अनडिफाइन्ड (म्हणजे काहीच नाही) हाती येतं. ऑब्जेक्टमध्ये एकच साधी प्रॉपर्टी असेल तर एररसुद्धा येत नाही, शोधत बसा. गो या भाषेत फंक्शनचा { खाली नेला तर कोड कंपाइलच होत नाही.

पण मला जास्त काळजी आहे ती ब्रॅकेट गाळण्याची. २०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये एका इफखाली 'गोटू फेल' ही थेट फंक्शनच्या शेवटाकडे उडी मारणारी ओळ दोनदा आलेली सापडली. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली, म्हणून वाचताना इफमधलीच वाटायची. ब्रॅकेट नव्हते, त्यामुळे ती अट न बघताच चालायची, आणि सर्व्हरची सही न तपासताच फंक्शन 'सगळं ठीक' सांगून मोकळं व्हायचं. त्यासाठी आयओएस ७.०.६ काढावं लागलं. म्हणून एका ओळीच्या इफलाही ब्रॅकेट हवेतच. माझ्या टीममध्ये यात कुणालाच सूट नाही. सी लिहीत असाल तर जीसीसी या कंपायलरच्या ६व्या आवृत्तीपासून -Wall लावल्यावर अशा फसव्या इंडेंटेशनची (ओळ आत सरकवण्याची) वॉर्निंग मिळते, ती बंद करू नका.

नवखा_कोडर:
रिटर्नचं आत्ताच करून पाहिलं, खरंच अनडिफाइन्ड! मग माझ्या जुन्या फाइली आजच बदलून टाकू?

रात्रपाळी:
बदला, पण फॉर्मॅटरने (कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या टूलने), आणि वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांची वेगळी नोंद करून. त्यात लॉजिकची एकही ओळ नको, नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल दिसतच नाही. गिट २.२३ पासून ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) असं कमिट वगळता येतं, त्याचा हॅश (ओळखक्रमांक) टीमला कळवून ठेवा.

एम्बेडेडवाली:
आणि त्याआधी टेस्ट चालवा. रिटर्नखालचा ब्रॅकेट फॉर्मॅटर वर घेत नाही, ते तुम्हालाच हाताने करावं लागेल.