मदत हवी आहे: उद्यमबागेतला एक 'कान' फौजेपर्यंत कसा पोचवायचा?

लेथवाला:

मंडळी नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचनमात्र असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बेळगावात उद्यमबागेला आमचा छोटा कारखाना आहे. शेजारच्या फाउंड्रीतून कास्टिंग घ्यायचं आणि मशिनिंग करून पंपवाल्यांना द्यायचं, असं जॉबवर्क. बारा माणसं, दोन सीएनसी, बाकी बाबांच्या वेळचे लेथ. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी आईच्या नावावर, प्रोप्रायटरशिप म्हणजे एकमालकी.

आमचे जुने मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि "आठ दिस काढंल बघा हे" असं सांगायचे. बहुतेक वेळा खरं निघायचं. ते गेल्यावर माझ्या भाच्याला त्यांच्या कानाची नक्कल करायचा नाद लागला. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, खाली लोहचुंबक, आत कंपन मोजणारा सेन्सर. मोटरीला चिकटवली की चार दिवसांत ती त्या यंत्राची नेहमीची थरथर शिकते. पुढे तीत फरक पडला की मोबाईलवर कळवते. इंटरनेट लागत नाही, सगळा हिशोब डबीतच होतो. गेल्या दीड वर्षात तीन फाउंड्र्यांत कॉम्प्रेसर, ब्लोअर, सँड मिक्सर यांवर लावून पाहिली. अकरा वेळा बोंबलली. त्यात आठ वेळा बेअरिंग खरंच जायला आलं होतं, एकदा पायाचा बोल्ट ढिला होता, दोनदा उगाच. घरात तिचं नाव पडलंय 'कान'.

आता यात फौज कुठून आली? आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार काका आहेत. (बेळगावात हे दर दोन गल्ल्यांआड असतात.) ते एकदा कारखान्यात चहाला आले, डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "अरे, हे आमास्नी लडाखात पायजे होतं की. जनरेटर बसला की हीटर गेला, रेडिओच्या बॅटऱ्यांचं चार्जिंग गेलं. मेकॅनिक वर येईस्तोवर दोन दिस." तेव्हापासून भाचा झोपेतही जनरेटरच बडबडतो.

पण शिरायचं कुठून हेच कळत नाही. एक गृहस्थ भेटले. दिल्लीत ओळखी आहेत म्हणाले, अनुदान मंजूर करून द्यायचे दोन लाख, त्यातले पन्नास हजार आगाऊ. आयडेक्सचं, म्हणजे नव्या कल्पनांना अनुदान देणाऱ्या संरक्षण खात्याच्या योजनेचं, मीही वाचलंय. दीड कोटीपर्यंत मिळतात, पण तेवढेच आपले घालायचे म्हणे. आम्ही दीड कोटी आणायचे कुठून, खानापूरची शेती विकून? आणि घातलेच, तर फौज माल घेईल याची हमी कोण देणार? आईचा प्रश्न याहून साधा आहे: हातातलं जॉबवर्क सोडून या नादाला लागायचं का? तिला दाखवता येईल असं उत्तर द्या.

कुंदाखाऊ:

दोन लाखवाल्याला आधी कटवा. बाकी जाणकार सांगतील. वाचनखूण साठवली आहे.

फायलीतला माणूस:

संरक्षण खात्याच्या खरेदीच्या फायलींत बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

कुंदाखाऊ म्हणतात ते शंभर टक्के. आयडेक्सचा अर्ज पोर्टलवर स्वतः भरायचा असतो, त्यात ओळखीचं काम नाही. संरक्षण करारांत दलाली दिली-घेतली तर करार रद्द करायची अट असते, म्हणजे तो माणूस तुमचं पुढचं दारही बंद करून जाईल.

आयडेक्स एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालं. ते चालवणाऱ्या संस्थेत सुरुवातीचा पैसा एचएएल आणि बीईएल या सरकारी संरक्षण कंपन्यांचा. दीड कोटी ही अनुदानाची कमाल मर्यादा आहे. तेवढं मागितलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या डबीचा फौजी नमुना, चाचण्या, माणसांचे पगार धरून साठ लाखांत होत असेल, तर तीस त्यांचे, तीस तुमचे. तेही एकदम नाही. ठरलेला टप्पा पूर्ण झाला की हप्ता. पुढे आयडेक्सच्याच 'प्राइम'मध्ये दहा कोटी आणि 'अदिती'त पंचवीस कोटींपर्यंतची सोय आहे, तिकडे तूर्त बघूही नका. स्टार्टअप म्हणून मान्यता घ्यायची तर कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते, आईंची प्रोप्रायटरशिप तिथे चालत नाही. पण आयडेक्समध्ये लघुउद्योग आणि एकेकटे संशोधकही अर्ज करू शकतात, तेव्हा आपण कुठल्या गटात बसतो ते पोर्टलवर आधी वाचा, घाईने कंपनी काढू नका.

आता हमीचं. लोक इथेच फसतात. आयडेक्सचा १५० वा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला तेव्हा पेपरात मोठे फोटो आले. पण ते करार वस्तू विकसित करण्याचे. नमुना बनला, चाचणीत पास झाला, तरी खरेदीची फाईल वेगळी. त्या फाईलवर पहिला कागद असतो 'आम्हाला याची गरज आहे' असं म्हणणारा, आणि तो लिहिणारा माणूस वर्दीतला लागतो. आमच्या टेबलावर उत्तम यंत्रं येत. मागणारा कुणी नाही म्हणून पडून राहत. तेव्हा अनुदान कसं मिळेल यापेक्षा हा कागद कोण लिहील हे आधी शोधा.

कुठे? लष्कराचा आर्मी डिझाइन ब्यूरो २०१६ पासून हेच काम करतो. युनिटांकडून अडचणी गोळा करून ते त्यांची पुस्तिका काढतात, ती उद्योगांसाठीच असते. जनरेटर, गाड्या, थंडीत बंद पडणारी यंत्रं, यातलं काही सापडतंय का पाहा. सापडलं तर त्यांच्याच शब्दांत अर्ज लिहा. नाही सापडलं तर आयडेक्सचं 'ओपन चॅलेंज' असतं, त्यात अडचणही तुम्हीच मांडायची आणि उत्तरही. सुभेदार काकांना सोबत बसवा. कुठल्या उंचीवर, किती वजनाचा जनरेटर, दिवसात किती तास चालतो, बंद पडल्यावर कोण काय करतं, सगळं त्यांच्याकडून उतरवून घ्या. असं एक पान दहा स्लाइडींना भारी पडतं.

आणि एक. तुमची डबी म्हणजे तोफ नव्हे. सगळ्यांच्या तोंडी डीएपी २०२० असते, ती मोठ्या भांडवली खरेदीची नियमावली. देखभालीचं सामान महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या खरेदीत मोडतं, त्याचं नियमांचं पुस्तक डीपीएम. नवं डीपीएम १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालं. त्यात स्वदेशी विकासाच्या काळात उशिरासाठी दंड लावत नाहीत, ही छोट्यांसाठी मोठी सवलत. सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीचं जे सरकारी धोरण २०१२ चं आहे, त्यात महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के वेगळे आहेत. टेंडरचा बयाणाही माफ. प्रोप्रायटर आई आहेत, हे कागद नीट जपून ठेवा.

टेस्टबेंच:

मी बेंगळुरूत याच चाचण्या करतो, मूळचा निपाणीचा. भाच्याला तीन प्रश्न.

सेल कुठला? साधा लिथियम-आयन असेल तर शून्याखाली चार्ज करताना आतून खराब होतो, आणि उणे वीसला क्षमता निम्म्यावर येऊ शकते. चार्ज न होणारा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल उणे ५५ पर्यंत चालतो. महाग आहे, पण डबी वर्षभर हात न लावता राहील.

मोबाईलवर कळवते म्हणजे ब्लूटूथ ना? सीमेवरच्या चौकीत सतत रेडिओ लहरी सोडणारी वस्तू कुणी ठेवू देणार नाही. वायर काढा, किंवा डबीवरच लाल दिवा द्या.

तिसरा प्रश्न सगळ्यांत वाईट. आतला चिप कुठल्या देशाचा? २०२५ च्या सुरुवातीला चिनी सुटे भाग निघाले म्हणून ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. प्रत्येक भाग कुठून आला याची यादी आत्ताच करा, मागाहून करायला गेलात तर रडाल.

चाचण्या जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाप्रमाणे होतात: उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, पाऊस, आदळआपट, कंपन. (कंपन मोजणाऱ्या डबीची कंपन-चाचणी, हा विनोद आमच्याकडे रोजचा.) लॅबमध्ये यायच्या आधी घरी जेवढं मोडता येईल तेवढं मोडा. लॅबचं मीटर तासावर चालतं.

वडगावची वहिनी:

मी हिशोबाच्या बाजूने लिहिते. आईंना सांगा, जॉबवर्क अजिबात सोडू नका. आमच्या यजमानांनी एका मोठ्या कंपनीसाठी संरक्षणाचे पार्ट केले, नाव लिहीत नाही. माल पास झाला, पैसे यायला सात महिने. कायद्याने लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर मिळेल का, या भीतीने आम्ही केली नाही. शेवटी माझ्या पाटल्या तारण ठेवून कामगारांचा पगार दिला. तुमच्या तीस लाखांत अशा सात महिन्यांचा पगार धरलाय का, ते आधी बघा. नसेल तर आकडा बदला.

लेथवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन लाखवाल्याचा नंबर ब्लॉक केला.

टेस्टबेंच, तुमच्या तिन्ही प्रश्नांना आम्ही नापास. सेल लिथियम-आयन, कळवणं ब्लूटूथवर, आणि तो ब्लूटूथचा चिप चिनी. भाचा दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, रेडिओच काढून टाकतो, म्हणजे दोन दुखणी एकदम गेली. मुख्य चिप युरोपियन कंपनीचा घ्यायचं ठरलंय. त्याला सत्तर रुपये जास्त पडतात, म्हणून आधी टाळला होता.

वहिनी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाईला घरी बोलव एकदा."

कारवारकर खलाशी:

एक वेगळी वाट सुचवू का? फौजेऐवजी आधी नौदल. जहाजावर पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर ढिगाने, म्हणजे तुमच्या फाउंड्रीतलीच यंत्रं. तिथे उणे वीसची भानगड नाही, खारी हवा मात्र डबी खाऊन टाकते, तेवढं सांभाळा. नवीन कल्पना उचलण्यासाठी नौदलाने २०२० मध्ये एनआयआयओ ही स्वतंत्र व्यवस्था उभी केली आहे. आणि बेळगावहून लडाखला जाण्यापेक्षा कारवारचा आयएनएस कदंब तळ गाठणं सोपं, दुरुस्ती गोदीही तिथेच आहे.

फायलीतला माणूस:

खलाशी, पटलं. माझी सगळी नोकरी लष्कराच्या फायलींत गेली, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. लेथवाला, पहिला अर्ज नौदलाच्या पंपांसाठी करा. नऊ खऱ्या इशाऱ्यांची तारीखवार नोंद जोडा, आणि दोन खोट्यांचीही. खोटे लपवणाऱ्याला अधिकारी लगेच ओळखतात.

कुंदाखाऊ:

थोडं अवांतर. अर्जात पत्ता लिहिताना काळजी घ्या. आमच्या एका कागदावर 'बेळगाव', दुसऱ्यावर 'बेळगावी', तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग जुनं. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, पण जुने कागद कोण बदलतंय! पोर्टलने नोंदणी परत पाठवली होती. नावावरून इथे वाद नको, मंडळी, नुसते कागद जुळवून घ्या.

लेथवाला:

तीन आठवड्यांनी लिहितोय.

ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन डब्या ठेवल्या, उणे अठरा. जुन्या सेलची सहा तासांत मेली. थायोनिलची पाचव्या दिवशीही चालू आहे, आइस्क्रीमवाला रोज विचारतो 'काढू काय?'. खारी हवा दाखवायला भाच्याने एक डबी मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात धरली होती, झाकणाच्या फटीतून पाणी आत गेलं. झाकण आपल्याच लेथवर नवीन करतोय, ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची) खाच देऊन. आईचा निकाल: महिन्यातले पाच दिवस भाचा आणि एक सीएनसी या कामाला, बाकी सगळं पूर्वीसारखं. नौदलाचा अर्ज अर्धा झालाय. लष्कराचं पान सुभेदार काकांनी स्वतः लिहून दिलं, फुलस्केपची चार पानं भरली.

आता एकच अडकलंय. डिझेल जनरेटरवर आमची एकही नोंद नाही, सगळा अनुभव विजेच्या मोटरींचा. इंजिनाची थरथर वेगळी असते, भाचा म्हणतो किमान पंधरा दिवस ऐकायला हवी. मंडपवाल्यांकडे चार ठिकाणी विचारलं, डबी चिकटवू देत नाहीत, यंत्र बिघडेल म्हणतात. कुणाकडे आहे का हो?

कुंदाखाऊ:

आमच्या मामांचं मंगल कार्यालय आहे, वडगावात. सध्या अधिक महिना, लग्नं नाहीत, जनरेटर नुसता पडून आहे. डिझेल तुमचं. व्यनि (खाजगी निरोप) करतो.