मदत हवी आहे: ‘कानात कोन बोलालंय?’ याचं बोधनिक (म्हणजे मन माहिती कशी हाताळतं त्यावरून) स्पष्टीकरण घरच्यांना कसं द्यावं?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे घरचे आणि आशाताई अशा वीसेक जणांसाठी ४० मिनिटांचं मराठी सत्र घ्यायचं आहे. ‘मेंदूत डोपामिन या रसायनाचा घोटाळा होतो’ हे त्यांना सांगून झालंय. त्यापुढचा प्रश्न हमखास येतो: मग शेजाऱ्यानं करणी केली असंच का वाटतं, आणि स्वतःचाच विचार परका आवाज होऊन कसा ऐकू येतो? वाचताना फ्रिथ आणि हेम्सले या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांची नावं सापडली, पण दोघांतला फरक धड कळत नाही. मण्यांचा प्रयोग करून दाखवायचा विचार आहे. किती मणी घ्यायचे, काय चुकतं? स्ट्रूप चाचणीही घ्यावी काय?

घटप्रभा_७:
फ्रिथचा भर ‘हे मी केलं’ या जाणिवेवर आहे. मेंदू हाताला किंवा जिभेला हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक नक्कलप्रत संवेदना घेणाऱ्या भागाकडे जाते: येतंय ते आपलंच आहे, फार लक्ष देऊ नको. ही प्रत पोचली नाही तर मनातल्या मनात बोललेलं वाक्य बाहेरून आल्यासारखं भासतं, आणि हात ‘कुणीतरी हलवला’ असं वाटतं. १९९२ च्या मांडणीत त्यानं आणखी दोन बिघाड धरले होते. स्वतःहून कृती सुरू करता न येणं, ज्यातून माणूस गप्प आणि निष्क्रिय होतो. आणि दुसऱ्याच्या मनातला हेतू चुकीचा वाचणं, ज्यातून संशय येतो.

सत्रात दाखवायला सोपं आहे. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या. आधी प्रत्येकानं स्वतःच्या तळहातावर फिरवावा, मग डोळे मिटून शेजाऱ्याकडून फिरवून घ्यावा, वेग आणि दाब तोच ठेवून. बहुतेकांना स्वतःचा स्पर्श बोथट लागतो. ब्लेकमोर, फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली पाहिलं की आवाज ऐकणाऱ्या किंवा ‘मला दुसरं कुणी चालवतं’ म्हणणाऱ्या रुग्णांना दोन्ही स्पर्श जवळपास सारखेच लागतात. ही लक्षणं नसलेल्या रुग्णांना मात्र फरक कळत होता. म्हणून या स्पष्टीकरणाला ‘स्किझोफ्रेनियाचं’ म्हणण्यापेक्षा त्या विशिष्ट लक्षणाचं म्हणणं बरं.

हेम्सलेचा मुद्दा गाळणीचा. बेळगावच्या बसस्टँडवर कन्नडमधली घोषणा, कुणाचं खोकणं, समोरच्या बसचा नंबर हे सगळं आपण बाजूला टाकतो, कारण स्टँडवर असंच असतं हे अनुभवानं ठाऊक आहे. तो साठवलेला अनुभव चालू क्षणाला लागू पडला नाही तर खोकणंही सूचक वाटू लागतं. आणि सूचक वाटलं की माणूस कारण शोधणारच.

बरणी_आणि_मणी:
मण्यांचं सांगतो. दोन झाकणाच्या बरण्या. एकीत ८५ निळे १५ पिवळे, दुसरीत ८५ पिवळे १५ निळे. म्हणजे दोन्ही रंगांचे शंभर-शंभर. खडेबाजारातून दहा-वीस जास्तच आणा, घरंगळतात. दोन्ही बरण्या दाखवा, प्रमाण सांगा, मग पडद्याआड न्या. एकाच बरणीतून एकेक मणी दाखवायचा आणि ‘कुठली बरणी ते नक्की सांगता की अजून एक मणी बघता?’ एवढंच विचारायचं. दोन किंवा त्याहून कमी मण्यांवर निर्णय दिला तर त्याला घाईचा निष्कर्ष म्हणतात. हक, गॅरेटी आणि हेम्सले यांच्या १९८८ च्या अभ्यासापासून हे रुग्णांवर वापरात आहे.

चुका इथे होतात. खरोखर आंधळेपणानं मणी काढले तर प्रत्येकाला वेगळा क्रम मिळतो आणि तुलना मरते, म्हणून क्रम आधीच कागदावर लिहून ठेवा. मणी बरणीत परत टाकतो असं सांगा, नाहीतर हुशार माणूस ‘आता प्रमाण बदललं’ म्हणून अडतो. दाखवलेल्या रंगांची ओळ पाटीवर खडूनं मांडा. नाहीतर तुम्ही स्मरणशक्तीच मोजत बसाल. सुरुवातीला विचारा, ‘मी मध्येच बरणी बदलू शकतो काय?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला खेळ कळलेलाच नाही, त्याचा आकडा धरू नका. आणि गावात बरेच जण फक्त पाहुण्यांचा वेळ जाऊ नये म्हणून पहिल्याच मण्यावर उत्तर देतात, तो आजार नव्हे!

गंमत गणितात आहे. पहिला मणी निळा निघाला तर बरणी निळी असण्याची शक्यता ८५ टक्के. सलग दोन निळे निघाले तर जवळपास ९७.

मलप्रभाकाठ:
मग दोन मण्यांवर ठरवणारा बरोबरच झाला की! घाई हा दोष कसा?

बरणी_आणि_मणी:
८५:१५ ला खरंच फारसा दोष नाही, उलट निरोगी माणसंच गरजेपेक्षा जास्त मणी मागतात. म्हणून ६०:४० प्रमाण ठेवून पुन्हा करा. तिथे दोन निळ्यांवर फक्त ६९ टक्के, सलग चार निळ्यांवरही ८३-८४. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर ठाम राहणं म्हणजे खरी घाई. घरच्यांना सांगायचं ते एवढंच: रुग्णाची बुद्धी गेलेली नाही, पुरावा गोळा करणं थांबवायची रेघ अलीकडे सरकली आहे. सगळ्या रुग्णांत हे दिसत नाही, आणि गावातल्या धडधाकट माणसांतही दिसतं. निदानासाठी वापरू नका. सत्रात रुग्ण बसले असतील तर त्यांना पुढे बोलावून तर मुळीच नको.

सीमेवरची_वाचक:
स्ट्रूप सोडून द्या. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारायचा, तर शब्द आपोआप वाचला जायला हवा, तरच अडखळणं येतं. घरी मराठी आणि शाळा कन्नड माध्यमाची असेल तर देवनागरी तेवढी आपोआप वाचली जात नाही, म्हणून तो कमी अडखळेल आणि तुम्ही म्हणाल ‘लक्ष उत्तम’. लिपीचा फरक मोजून त्याला लक्षाचं नाव द्याल.

दुसरं, डोपामिन आणि बोधनिक बाजू वेगवेगळ्या तासांना शिकवल्यासारख्या मांडू नका. मानसोपचारतज्ज्ञ कपूर यांनी २००३ मध्ये त्यांना जोडलंय: डोपामिन एखाद्या गोष्टीला ‘ही महत्त्वाची’ असा शिक्का मारतं, शिक्के भलतीकडे पडू लागले की माणूस त्यांचा अर्थ लावतो, आणि अर्थ लावायला आपल्या गावातलंच सामान वापरतो. इथे करणी, भानामती. शहरात मोबाईल आणि कॅमेरे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. औषध नवे शिक्के थांबवतं. आधी तयार झालेली गोष्ट सावकाश विरते. म्हणून ‘पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, संशय जाईना’ म्हणत औषध सोडणाऱ्यांना हा भाग दोनदा सांगा.

मात्र ही सगळी मांडणी लक्षण कसं घडतं ते सांगते, आजार मुळात का झाला ते नाही. तिथे आनुवंशिकता, मेंदूची वाढ, गांजा, ताण असं बरंच येतं. ‘विचारांचा दोष’ म्हटलं की घरचे ‘मग विचार बदल’ म्हणू लागतात.

अंगणवाडीमागे:
शेवटची दहा मिनिटं घरी काय करायचं त्याला ठेवा. वाद घालायचा नाही, हो-ला हो पण नाही. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला तरास होतोय ते दिसतंय’ हे वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घ्या. गुणगुणणं किंवा मोठ्यानं वाचणं यानं काहींचा आवाज तेवढ्यापुरता दबतो. जीभ आणि कंठ दुसऱ्या कामात गुंतले की मनातलं बोलणं अडतं, असा त्यामागचा विचार. सगळ्यांना लागू पडत नाही, सक्ती करू नये.

आवाज काय म्हणतो ते मराठीतच, जसंच्या तसं, वेळ घालून वहीत लिहायला सांगा. धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत किंवा बेळगावात केसपेपरवर ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उतरतं आणि ‘तो मला हाक मारतो’ व ‘तो मला मार म्हणतो’ यातला फरक मध्येच हरवू शकतो. दुसरं वाक्य असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा हुकूम असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. रात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, भाषा निवडता येते.

मलप्रभाकाठ:
स्ट्रूप रद्द, ब्रश आणि ६०:४० पक्कं. बरण्या प्लॅस्टिकच्या चालतील काय? आणि मणी लाल-हिरवे मिळाले तर?

बरणी_आणि_मणी:
बरणी कसलीही, पारदर्शक हवी. लाल-हिरवे नकोत, वीस जणांत एखाद्याला त्या दोन रंगांतला फरक दिसत नसेल तर तो सगळ्यांसमोर अडकेल. निळे-पिवळेच घ्या, आणि ६०:४० साठी वेगळ्या बरण्या भरून न्या. ऐनवेळी मोजत बसलात तर दहा मिनिटं तिथेच जातील.